कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वकिली: लिहिणं स्वस्त झालं, तपासणं नाही

प्रश्न असा आहे: "मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. निवाडे शोधणं, पहिला मसुदा करणं, कागदपत्रं वाचून टिपण काढणं ही ज्युनियरची कामं आता एआय काही मिनिटांत करतं. मग वकिली उरणार का? आणि उरली तर मी नेमकं काय शिकू?"

वकिली उरेल, याबद्दल मला शंका नाही. पण तुम्ही सांगितलेली तिन्ही कामं सारख्या प्रमाणात बदललेली नाहीत, आणि गोंधळ होतो तो इथेच. कागदांच्या ढिगातून कामाचं शोधून काढणं यंत्राला उत्तम जमतं. पहिला मसुदा बरा जमतो. कायदा काय आहे हे सांगणं मात्र जमल्यासारखं दिसतं, आणि हे ‘जमल्यासारखं’ फार महागात पडतं. लिहिण्याची मेहनत कमी झाली, तपासण्याची वाढली, आणि सही करणाऱ्याची जबाबदारी होती तिथेच आहे.

कागदपत्रांपासून सुरुवात करतो, कारण तिथे यंत्र काल आलेलं नाही. मोठ्या व्यापारी दाव्यांत कोणते ईमेल आणि कोणती कागदपत्रं समोरच्या बाजूला द्यायची हे ठरवायला पूर्वी ज्युनियरांची फौज बसायची. 2012 साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दा सिल्वा मूर या प्रकरणात सुमारे तीस लाख ईमेलचा प्रश्न होता. न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी संगणकाच्या मदतीने छाननी करायला मान्यता दिली. अनुभवी वकिलाने नमुन्यादाखल काही कागद ‘संबंधित’ आणि ‘असंबंधित’ असे निवडून द्यायचे, यंत्राने त्यावरून शिकून उरलेले लावायचे, मग टाकून दिलेल्यांतले काही कागद पुन्हा काढून पाहायचे की कामाचं काही निसटलं का. या पद्धतीत चूक मोजता येते. कोर्टाने ती स्वीकारली ती यंत्र हुशार आहे म्हणून नव्हे. थकलेली माणसंही लाखो ईमेल वाचताना चुकतातच, आणि त्या चुका कोणी मोजत नाही. इथे निदान मोजता तरी येत होत्या.

हा ‘चूक मोजता येते का’ प्रश्न मनात पक्का धरा. आजचं कुठलंही साधन समोर आलं की मी आधी तोच विचारतो. शंभर करार टाकून कोणत्या करारात नूतनीकरण आपोआप होतं, कोणत्यात लवादाचं कलम आहे, कुठे नुकसानभरपाईला मर्यादा घातलेली नाही, हे विचारलं तर यंत्र तक्ता करून देतं. त्यातले दहा करार स्वतः वाचून पडताळता येतात. घटनांचा तारीखवार क्रम लावणं, दोन मसुद्यांतला फरक दाखवणं, लांबलचक पत्रव्यवहारातून एका माणसाची विधानं वेगळी काढणं, या कामांत मी आता यंत्राशिवाय वेळ घालवत नाही. फक्त एक मर्यादा लक्षात असू द्या. फाइलमध्ये जे आहे ते यंत्राला दिसतं. जे असायला हवं होतं आणि नाही, ते त्याला सहसा आपणहून सुचत नाही. भागीदारीच्या वादात तीन महिन्यांचा पत्रव्यवहार गायब आहे, किंवा सगळ्या पत्रांना उत्तर देणारा माणूस एकाच पत्रावर गप्प बसला आहे, हे खटकायला खटला डोक्यात असावा लागतो.

आता कायद्याच्या संशोधनाकडे. 2023 चं माता विरुद्ध अविआंका हे प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. विमानात खाण्यापिण्याची ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून प्रवाशाने केलेला साधा दावा. त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात मांडले, आणि त्यातले सहा अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी दोन वकील आणि त्यांची फर्म यांना मिळून 5,000 डॉलरचा दंड केला. व्याख्यानांत गोष्ट इथे संपते. आदेश मुळातून वाचा, त्यात यापेक्षा कामाच्या दोन गोष्टी आहेत. विश्वासार्ह एआय साधनाची मदत घेण्यात मुळात काही गैर नाही, असं न्यायाधीशांनी सुरुवातीलाच म्हटलं आहे. आणि त्यांचा खरा रोष होता तो पुढच्या वागण्यावर. समोरच्या बाजूने ‘हे निवाडे सापडत नाहीत’ असं लेखी कळवल्यावरही वकील त्यांना चिकटून राहिले. वकिलाने यंत्रालाच विचारलं होतं, हे निवाडे खरे आहेत ना? यंत्र हो म्हणालं. ज्या साक्षीदाराच्या सचोटीचाच प्रश्न आहे त्याच्याकडूनच सचोटीचा दाखला घेतल्यासारखं हे झालं.

जून 2025 मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाने अशीच दोन प्रकरणं एकत्र ऐकली. मला त्यातलं दुसरं जास्त बोधक वाटतं. सुमारे नऊ कोटी पौंडांच्या त्या दाव्यात 45 निवाड्यांचे दाखले दिले होते आणि त्यातले 18 अस्तित्वात नव्हते. हे संशोधन वकिलाने नव्हे, खुद्द अशिलाने केलं होतं, आणि सॉलिसिटरने (अशिलाचं काम पाहणाऱ्या वकिलाने) ते न तपासता पुढे केलं. म्हणजे तुम्ही स्वतः एआयला हात लावत नसलात तरी ते तुमच्या फाइलमध्ये शिरू शकतं: अशिलाकडून, घाईतल्या सहकाऱ्याकडून, समोरच्या बाजूच्या टिपणातून. न्यायाधीश डेम व्हिक्टोरिया शार्प यांच्या त्या निकालात कोर्टाने चेंबरच्या (बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयाच्या) प्रमुखांना आणि फर्मच्या व्यवस्थापकांनाही जबाबदारीची जाणीव करून दिली आहे. ज्युनियरवर ढकलून मोकळं होता येणार नाही.

पण खरं सांगू? अस्तित्वात नसलेला निवाडा ही सगळ्यात कमी धोक्याची चूक आहे. शोधला की दोन मिनिटांत उघडी पडते. जिची मला भीती वाटते ती चूक वेगळी आहे: निवाडा खरा, उतारा खरा, पान खरं, आणि त्यातून काढलेला कायदा चुकीचा.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण खास वकिलांसाठी बनवलेली महागडी साधनंही इथेच घसरतात. ही साधनं आधी खऱ्या निवाड्यांच्या संग्रहातून प्रश्नाशी जुळणारे उतारे काढतात आणि त्यावरून उत्तर रचतात. त्यामुळे कपोलकल्पित निवाडे खूप कमी होतात. पण निवाडा हा सलग एका आवाजातला मजकूर नसतो. अर्धी पानं दोन्ही बाजूंच्या वकिलांचे युक्तिवाद नोंदवण्यात जातात. मध्येच खालच्या कोर्टाचं म्हणणं येतं, जे पुढे फिरवलेलं असतं. कुठे असहमतीचं मत असतं. कुठे न्यायाधीश जाता जाता काही बोलून जातात, ज्याची निकालासाठी गरज नव्हती. प्रश्नाशी शब्दांनी सगळ्यात चांगला जुळणारा परिच्छेद पुष्कळदा हरलेल्या वकिलाच्या युक्तिवादाचा असतो, कारण त्याने मुद्दा ठासून मांडलेला असतो! यंत्र तोच उचलून ‘कोर्टाने असं म्हटलं आहे’ म्हणून देतं. 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी व्यावसायिक साधनं तपासली तेव्हा चुकीच्या किंवा निराधार उत्तरांचं प्रमाण 17 ते 33 टक्के निघालं. त्यांच्या प्रश्नांत मुद्दाम चुकीचं गृहीतक घातलेलेही प्रश्न होते, आणि साधनं तेव्हापासून सुधारत आहेत, हे सांगायला हवं. तरीही ‘आमच्याकडे खरेच निवाडे आहेत’ ही जाहिरात आणि ‘उत्तर बरोबर आहे’ ही खात्री, यांतलं अंतर त्या आकड्यांत दिसतं.

म्हणून माझी तपासण्याची रीत सांगतो. यंत्राने दिलेला प्रत्येक दाखला कोर्टाच्या अधिकृत संग्रहातून किंवा छापील अहवालातून उघडायचा. हेडनोटवर, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेल्या सारांशावर, थांबायचं नाही. उद्धृत परिच्छेद कोणाच्या तोंडी आहे ते पाहायचं: कोर्टाच्या, की पक्षकाराच्या. पीठ किती न्यायाधीशांचं होतं आणि निकाल एकमताचा होता का ते पाहायचं. तो मुद्दा त्या खटल्यात ठरवावाच लागला होता का, हे स्वतःला विचारायचं. शेवटी, नंतरच्या निवाड्यांनी त्याचं काय केलं ते शोधायचं: स्वीकारला, बाजूला ठेवला, की फिरवला. हे सगळं आम्ही एआय येण्याआधीही करायचो, किंवा करायला हवं होतं. फरक एवढाच, की पूर्वी दाखला शोधतानाच निम्मा वाचून व्हायचा. आता तो न वाचताच हातात येतो, म्हणून वाचनासाठी वेगळा वेळ काढावा लागतो. यंत्राने वाचवलेला सगळा वेळ नफा समजणाऱ्या ऑफिसात अपघात ठरलेला आहे.

प्रश्न विचारण्याचंही एक तंत्र आहे. ‘माझ्या अशिलाच्या बाजूने निवाडे दे’ म्हटलं की यंत्र देणारच. नसतील तर ओढूनताणून देईल. आपल्या बाजूला आधार नाही हे सांगण्याची त्याला फारशी सवय नाही, आणि वकिलाला नेमकं तेच वेळेवर कळायला हवं असतं. मी उलट विचारतो. समोरच्या बाजूचा वकील म्हणून माझा मसुदा फोडायला सांगतो. या कामात यंत्राचा मला सर्वाधिक उपयोग झाला आहे. त्याला आपल्या अशिलाबद्दल जिव्हाळा नसतो आणि आपल्या सीनियरपणाची भीड नसते. त्याचे दहापैकी सात आक्षेप किरकोळ निघाले तरी एखादा असा असतो, की सुनावणीत तो पहिल्यांदा ऐकायची वेळ आली नाही याचं बरं वाटतं.

उलटतपासणीच्या तयारीत माणूस आणि यंत्र यांच्यातली सीमा सगळ्यात स्वच्छ दिसते. साक्षीदाराचा पोलिसांसमोरचा जबाब, शपथपत्र आणि कोर्टातली साक्ष टाकली की यंत्र विसंगतींची लांबलचक यादी देतं. यादी बहुधा अचूक असते. नवखा वकील ती तशीच हातात घेऊन उभा राहतो आणि एकेक विसंगती विचारत सुटतो. साक्षीदार घामाघूम होतो, न्यायाधीश कंटाळतात, आणि आठव्या प्रश्नाला साक्षीदार असा खुलासा देतो, की आधीच्या सात प्रश्नांची धारही निघून जाते. यादीतल्या बहुतेक विसंगती माणसाच्या स्मरणशक्तीच्या असतात. खोटं बोलण्याच्या विसंगती थोड्या असतात, आणि त्यांतल्याही काही विचारायच्या नसतात. त्या युक्तिवादासाठी राखून ठेवायच्या, कारण विचारल्या तर साक्षीदाराला सावरायची संधी मिळते. काय विचारायचं नाही हे ठरवणं यादीतून येत नाही. कोर्टात बसून, दुसऱ्यांच्या उलटतपासण्या ऐकून ते अंगवळणी पडतं.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात, कारण नियम गुंतागुंतीचा नाही, पाळणं अवघड आहे. अशिलाची माहिती कुठल्याही खुल्या, मोफत साधनात टाकू नका. नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं होत नाही. तारखा, रक्कम आणि व्यवहाराचा प्रकार यांवरून जाणकार माणूस ओळखतो. अमेरिकन बार असोसिएशनने जुलै 2024 मध्ये दिलेल्या औपचारिक मत क्रमांक 512 मध्ये म्हटलं आहे, की टाकलेल्या माहितीवरून शिकत राहणाऱ्या साधनात अशिलाची माहिती घालण्याआधी त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि वकीलपत्रातलं एखादं ठोकळेबाज वाक्य त्यासाठी पुरेसं नाही. फीबद्दलही त्यात स्पष्ट सांगितलं आहे: तासांवर फी घेत असाल तर प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचीच घ्या. पूर्वी पाच तास लागायचे म्हणून आजही पाच तासांचं बिल, हे चालणार नाही. तासांवरची फी मला कधीच फारशी आवडली नाही. सावकाश काम करणाऱ्याला बक्षीस देणारी ती पद्धत आहे. तिचा पाया हलला तर मी रडणार नाही.

अशील बदलले आहेत, याची चर्चा कमी होते. पूर्वी माणूस कागद घेऊन यायचा आणि ‘काय करायचं’ विचारायचा. आता तो तयार नोटीस घेऊन येतो आणि ‘ही ठीक आहे ना’ विचारतो. कधी कधी ती पाठवून झालेली असते. भाषा गुळगुळीत, कलमं रांगेत, आणि मधोमध एक सभ्य वाक्य: ‘आपली थकबाकी आम्हाला मान्य आहे, तथापि मुदतवाढ मिळावी.’ कॉमन लॉच्या, म्हणजे इंग्लिश कायद्याची परंपरा असलेल्या, देशांत ऋणकोने लेखी आणि सहीनिशी केलेल्या अशा कबुलीने वसुलीची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजायला सुरुवात होऊ शकते. मुदत संपत आली आहे हे अशिलाने यंत्राला सांगितलं नव्हतं, कारण ते महत्त्वाचं आहे हेच त्याला माहीत नव्हतं. यंत्राने मागितल्याप्रमाणे नम्र पत्र लिहून दिलं. दोष कोणाचाच नाही, नुकसान मात्र अशिलाचं. अशा अशिलाला हसू नका किंवा त्याच्यावर चिडू नका. त्याने यंत्राला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, हे शांतपणे विचारा. खटल्याचा गाभा पुष्कळदा न सांगितलेल्या भागात सापडतो.

पुराव्यांच्या बाबतीत बहुतेकांचं लक्ष बनावट ध्वनिफिती आणि चित्रफितींवर असतं. त्याची दुसरी बाजूही तितकीच त्रासदायक आहे: खऱ्या पुराव्याला बनावट म्हणणं सोपं झालं आहे. 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अपघाती मृत्यूच्या दाव्यात टेस्लाच्या वकिलांनी म्हटलं, की इलॉन मस्क यांच्या अनेक डीपफेक चित्रफिती फिरतात, त्यामुळे अमुक विधानं त्यांचीच आहेत हे आम्ही मान्य करू शकत नाही. न्यायाधीशांनी हा पवित्रा खपवून घेतला नाही. पण पुढे हा बचाव पुन्हा पुन्हा येणार. म्हणून मूळ उपकरण जपणं, फाइल कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची नोंद ठेवणं आणि पहिल्याच दिवशी हॅश (फाइल नंतर बदलली का हे ओळखता येणारा तिचा डिजिटल ठसा) काढून ठेवणं, ही कंटाळवाणी कामं यापुढे खटला जिंकून देतील.

कोर्टंही हे वापरत आहेत. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात 2023 पासून घटनापीठाच्या सुनावण्यांचं शब्दांकन एआयच्या मदतीने होऊ लागलं. कोलंबियात एका न्यायाधीशांनी 2023 च्या सुरुवातीला निकालपत्रात चॅटजीपीटीशी झालेलं संभाषण नमूद केलं. तो वाद तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला, आणि 2024 मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं, की मदत घ्या, पण न्यायाधीशाच्या विवेकाची जागा यंत्राला देऊ नका आणि वापर उघड करा.

आणि नवं कामही येतं आहे. 2024 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणासमोर एअर कॅनडाने बचाव केला, की वेबसाइटवरच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली तर त्याला चॅटबॉट स्वतः जबाबदार आहे. न्यायाधिकरणाने तो फेटाळला. वेबसाइट कंपनीची, शब्दही कंपनीचेच. त्याआधी 2016 मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर लूमिस खटल्यात प्रश्न होता, की आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर शिक्षा ठरवताना वापरावं का, विशेषतः त्याचं गणित कंपनी व्यापारी गुपित म्हणून दाखवत नसताना. कोर्टाने अटी घालून वापराला मुभा दिली. अशा यंत्राच्या गणिताची उलटतपासणी करू शकणारे वकील आज फार थोडे आहेत. तुम्हाला संख्याशास्त्राची थोडी जरी आवड असेल तर तिकडे वळायला हरकत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची खरी अडचण अशी, की सीनियरची नजर ज्युनियरच्या हमाली कामातूनच तयार व्हायची. चाळीस वाईट भाडेकरार वाचले की एकेचाळिसाव्यात काय खटकतंय ते सांगता यायचं. ती हमाली गेली तर नजर कुठून येणार, याचं उत्तर आमच्या पिढीने अजून नीट शोधलेलं नाही. तोवर स्वतःपुरतं एवढं करा. कुठलाही प्रश्न यंत्राला विचारण्याआधी स्वतःचं उत्तर अर्ध्या पानात हाताने लिहून काढा: वाद कशाचा, कायदा कोणता लागेल, आपली कमकुवत बाजू कोणती. मग यंत्राचं उत्तर शेजारी ठेवून फरक शोधा. यंत्राला दिसलं आणि तुम्हाला नाही, ते शिका. तुम्हाला दिसलं आणि त्याला नाही, त्याची वेगळी वही ठेवा. आठवड्यातून एक निवाडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा, असहमतीच्या मतासकट. आणि काम नसलं तरी कोर्टात जाऊन बसा.

सीनियर निवडतानाही एक गोष्ट स्पष्ट विचारून घ्या: माझा मसुदा कोण वाचतं, आणि दुरुस्त्या करताना मला समोर बसवतात का? ‘मसुदा मशीन करतं, तू फक्त दाखल करायचं’ असं उत्तर मिळालं तर तिथे पगार चांगला असला तरी जाऊ नका. खोटा दाखला सापडेल त्या दिवशी सही तुमची असेल, आणि तो ओळखायला तिथे तुम्हाला कोणी शिकवलेलं नसेल.